इन्शुलिन दारात, पण निरोप आत पोचेना

"डाक्टर, मी चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो, मग माझ्या रक्तात साखर आली कुठनं?" कोडोलीत आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न ठरलेले. एक, "रात्री काही खाल्लं नाही, तरी सकाळी उपाशीपोटी साखर वाढलेली कशी?" आणि दुसरा, "अंगानं मी असा वाळलेला, मग हा जाड्या माणसांचा आजार मला कसा?"

वाचकहो, हे तीनही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर एकच आहे आणि ते साखरेच्या डब्यात सापडत नाही. ते आपल्या पेशीच्या आवरणात, म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्या एका पातळ स्निग्ध पडद्यात दडलेले आहे. आजच्या लेखात थोडे खोलात शिरू. विषय किचकट वाटला तरी तो नीट समजला की पथ्य आणि व्यायाम का सांगितले जातात ते कळते, आणि कारण कळलेले पथ्य माणूस अधिक टिकवतो, असा माझा अनुभव आहे.

इन्शुलिन कमी की निरोप कमी?

स्वादुपिंडात तयार होणारे इन्शुलिन रक्तातील साखर पेशींत पोचवण्याचे काम करते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे केले. १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले आणि मरणाच्या दारातील मुले उठून बसू लागली. तेव्हा सर्वांना वाटले की मधुमेह म्हणजे इन्शुलिनची टंचाई, दुसरे काही नाही.

पण १९३६ साली लंडनच्या हिम्सवर्थ या डॉक्टरांनी दाखवून दिले की काही मधुमेही इन्शुलिन दिल्यावर चटकन सुधारतात आणि काहींवर त्याचा फारसा परिणामच होत नाही. पुढे १९६० च्या सुमारास अमेरिकेत बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत शोधली. यॅलोबाईंना त्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या मोजणीत एक चकित करणारी गोष्ट आढळली. मोठ्या वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्शुलिन कमी तर नव्हतेच, उलट ते निरोगी माणसापेक्षा जास्त होते!

म्हणजे निरोप्या दारात उभा आहे, तोही एक नाही, दहा-दहा. तरी घरात कोणी हलत नाही. यालाच आम्ही 'इन्शुलिन-रोध' म्हणतो. लहान मुलांत आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही. आपल्याकडे सर्रास आढळणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह बहुधा या रोधापासून सुरू होतो.

पेशीच्या आत निरोप कसा जातो?

इन्शुलिन पेशीच्या आत जाऊन साखर ओढून आणते, असा समज आहे. तसे होत नाही. निरोप देण्यासाठी ते पेशीच्या आत जात नाही. बाहेरच्या बाजूला असलेल्या ग्राहक प्रथिनावर ते बसते, म्हणजे दारावरची घंटा वाजवते. पुढचे सगळे काम आतल्या मंडळींचे.

आता हे दार ज्या भिंतीत बसवले आहे ती भिंत पाहू. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचा दुपदरी पडदा असतो. कालपरवापर्यंत आम्हा डॉक्टरांनासुद्धा हा पडदा म्हणजे केवळ कुंपण वाटे. पण त्याच्या आतल्या पदरात काही खास स्निग्ध रेणू असतात, त्यांचे प्रमाण अगदी थोडे, पण काम फार मोठे. घंटा वाजली की आतले एक विकर या रेणूच्या डोक्यावर एक जादा फॉस्फेट बसवते. फॉस्फेट म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचे, खताच्या पोत्यावर वाचलेले तेच. आधी दोन फॉस्फेट असलेल्या रेणूवर तिसरे बसले की त्याचे नाव होते 'पीआयपी-३'. अमेरिकेतील लुईस कँटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे विकर आणि त्याचे हे काम उजेडात आणले.

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो. पाणीपुरवठा संस्थेचे पाणी सुटले की कोणीतरी बांधावर लाल फडके लावावे आणि उसात इकडे तिकडे फिरणाऱ्या दार धरणाऱ्या गड्याने ते पाहून नेमक्या त्याच जागी धाव घ्यावी, तसा हा प्रकार आहे. पीआयपी-३ म्हणजे बांधावरचे फडके. आणि तो गडी म्हणजे 'एकेटी' नावाचे प्रथिन.

एकेटी एरवी पेशीच्या आतल्या पाण्यात रिकामे हिंडत असते. त्याच्या अंगावर सुमारे शंभर-सव्वाशे अमिनो आम्लांची एक घडी असते आणि त्या घडीत अशी खाच असते, की तिच्यात पीआयपी-३ चे तीन फॉस्फेटवाले डोके नेमके बसते. फडके लागले की एकेटी धावत येऊन पडद्याला चिकटते. तेथे त्याच खुणेवर आलेले दुसरे एक प्रथिन त्याला जागे करते. जागे झालेले एकेटी मग आत जाऊन कामाला लागते. या प्रकारची घडी अनेक प्रथिनांत असते, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले १९९३ साली. आज माणसाच्या शरीरात अशी दोनशेहून अधिक प्रथिने माहीत आहेत, मात्र त्यांतली थोडीच या फडक्याला बांधील आहेत. म्हणजे पेशीचा पडदा हे नुसते कुंपण नव्हे, ती पेशीची सूचना-फळीही आहे.

एकेटीची दोन कामे

पहिले काम स्नायूत. साखर आत घेणारी दारे स्नायूच्या पेशीत आधीपासून तयार असतात, पण ती छोट्या पिशव्यांत गुंडाळून आत ठेवलेली असतात. त्यांना 'ग्लूट-४' म्हणतात. एकेटीचा इशारा झाला की या पिशव्या पडद्याकडे सरकतात, दारे पडद्यात बसतात आणि रक्तातील साखर आत जाते. जेवणानंतर इन्शुलिनच्या जोरावर जी साखर पेशींत जाते, तिचा मोठा वाटा स्नायू घेतात.

दुसरे काम यकृतात. आपले यकृत साखर साठवते, तशी ती तयारही करते. रात्री आपण झोपलेलो असताना मेंदूला साखर कमी पडू नये म्हणून ही व्यवस्था आहे. इन्शुलिनचा निरोप आला की एकेटी यकृताला सांगते, "आता पुरे, उत्पादन थांबव." निरोप पोचला नाही, तर यकृताचे गुऱ्हाळ रात्रभर चालूच राहते. उपाशी झोपूनही सकाळी साखर वाढलेली का, याचे उत्तर हे आहे. ती साखर ताटातली नव्हे, आपल्याच यकृताने रात्री काढलेली असते. म्हणूनच दिवसभर निरंकार एकादशी करून मधुमेह उतरत नाही. उलट गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने असा कडक उपास केल्यास साखर एकदम खाली जाऊन घेरी येऊ शकते.

हे सारे पुस्तकी नाही, याचे दोन दाखले देतो. २००४ साली एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांच्या एकेटी-२ या प्रथिनाच्या जनुकात एका जागी दोष होता आणि तो दोष असलेल्यांत तीव्र इन्शुलिन-रोध आणि मधुमेह आढळला. दुसरा दाखला कर्करोगाच्या औषधाचा. हाच निरोप पेशींना वाढायलाही सांगत असल्याने काही कर्करोगांत तो सतत चालू राहतो. त्यामुळे स्तनाच्या काही कर्करोगांसाठी फडके लावणारे विकर अडवणारे अल्पेलिसिब हे औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाले. त्याचा सर्वांत ठळक दुष्परिणाम कोणता? रक्तातील साखर वाढणे!

निरोप अडतो कोठे?

आता मुख्य मुद्दा. चरबी साठवण्याची योग्य जागा म्हणजे कातडीखालचा थर. तो भरला, किंवा मुळात त्याची साठवण कमीच असली, की जादा चरबी यकृतात आणि स्नायूत शिरते. तेथे तिच्यापासून दुसरा एक स्निग्ध रेणू तयार होतो. तोही पडद्यावर एक फडके लावतो, पण ते वेगळे. त्याला पाहून 'प्रोटीन काइनेज सी' या गटातील प्रथिने धावत येतात आणि पडद्याला चिकटून इन्शुलिनच्या घंटेची तारच सैल करतात. बाहेर घंटा दाबली जाते, आत आवाज होत नाही. एकेटी उसात बसून राहते. रोधाची आणखीही कारणे आहेत. पण यकृत आणि स्नायूतील चरबी हे त्यांतले एक मोठे कारण, असे पुष्कळ संशोधन सांगते.

स्वादुपिंड मग काय करते? हाक ऐकू जात नाही म्हणून ते मोठ्याने ओरडते, म्हणजे अधिक इन्शुलिन सोडते. काही वर्षे त्यावर निभावते आणि साखर तपासणीत ठीक दिसते. शेवटी ते थकते आणि तेव्हा साखर चढते. म्हणजे तुमच्या कागदावर मधुमेह आज आला असला, तरी आत त्याची सुरुवात बरीच आधी झालेली असते.

वाळलेल्या माणसाला का?

याचे उत्तर आपल्या पुण्यातच मिळाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण गंमत अशी की आपल्या बाळांत स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने कमी नव्हती. 'वरून बारीक, आतून चरबीदार' अशी ही ठेवण जन्मापासूनच.

२००४ साली डॉ. याज्ञिक यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! म्हणून वजनकाट्यावर किंवा आरशावर विसंबू नका. आपली चरबी पोटात लपते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या लोकांसाठीच हा लेख मी प्रामुख्याने लिहीत आहे. कारण ते अजून मागे फिरू शकतात.

घरच्या घरी ओळखायच्या खुणा

बेंबीच्या पातळीवर शिंप्याची टेप लावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांहून अधिक भरले तर सावध व्हा. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का पाहा. मळ समजून आया मुलांच्या माना दगडाने घासतात. पण तो मळ नसतो. रक्तात वाढलेल्या इन्शुलिनने तेथील कातडीची वाढ झालेली असते. शाळकरी मुलाच्या मानेवर ही खूण दिसली तर त्याला रागावू नका, डॉक्टरांना दाखवा.

तिशीनंतर, घरात मधुमेह असो वा नसो, वर्षातून एकदा रक्त तपासा. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल तर तो उंबरठा; १२६ किंवा अधिक असल्यास पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ टक्के किंवा अधिक आली, तरी तेच.

निरोप पुन्हा कसा सुरू करायचा?

निसर्गाने एक मागचे दार ठेवले आहे, ही यातली सर्वांत आनंदाची बाब. स्नायू जेव्हा आकुंचन पावतो, तेव्हा ग्लूट-४ ची दारे इन्शुलिनच्या निरोपाशिवायच पडद्यावर येतात. या वाटेला घंटा लागत नाही, फडके लागत नाही. इन्शुलिन-रोध असलेल्या माणसातही ही वाट बरीचशी शाबूत असते. शिवाय चालून आल्यावर एक-दोन दिवस स्नायू इन्शुलिनचेही अधिक ऐकतात. म्हणून नियम सोपा आहे: सलग दोन दिवस चालणे चुकवू नका. आठवड्याला एकूण अडीच तास भरभर चालणे, असे की बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही. जोडीला आठवड्यातून दोनदा उठाबशा किंवा वजन उचलण्याचा व्यायाम. स्नायू जितका मोठा, तितकी साखरेला जागा जास्त.

"आम्ही शेतकरी, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" असे म्हणणारे भेटतात. वाचकहो, आपले वडील मळ्यात चालत जात, पाणी रात्र-रात्र उभे राहून पाजत आणि चैत्रात जोतिबाला पायी जात. आपण मळ्यात मोटारसायकलने जातो, मोटर बटणावर चालू करतो. शेती तीच राहिली, अंगमेहनत मात्र राहिली नाही.

आहाराबाबत एक गैरसमज काढून टाकतो. "साखर बंद केली, आता गुळाचा चहा घेतो," असे फार जण अभिमानाने सांगतात. आपला कोल्हापुरी गूळ चवीला उत्तम, पण त्यातही बहुतांश साखरच असते आणि मधुमेह्याच्या रक्तात ती तशीच चढते. भाताचा डोंगर कमी करा, भाकरीसोबत उसळ, डाळ आणि पालेभाजी वाढवा. तेलाचा आणि भडंग-फरसाणाचा हात आखडा. पोटाचा घेर दोन इंच उतरला तरी यकृतातील चरबी कमी होते आणि घंटेची तार पुन्हा ताणली जाते.

याचा उपयोग खरेच होतो का? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या पथकाने उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीसारखे वागणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के राहिले. शंभरात सोळा माणसे वाचली, तीही महागड्या औषधाशिवाय.

ही काळजी घ्या

चालणे सुरू केले म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नका. मेटफॉर्मिनसारखी गोळी मुख्यतः यकृताचे रात्रीचे गुऱ्हाळ आवरते; साखर उतरली तर डोस कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्यांनी इन्शुलिन एक दिवसही बंद करू नये, त्यात जिवाला धोका आहे. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांनी इन्शुलिन सुरू करायला सांगितले, तर "आता शेवट आला" असे समजू नका. स्वादुपिंड थकले आहे, त्याला हात द्यायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी चालताना खिशात साखरेची पुडी किंवा गुळाचा खडा ठेवावा. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, एकदम भूक, डोके सुन्न होणे अशी लक्षणे वाटली की तो लगेच खावा. गुळाचा खरा औषधी उपयोग हाच! छातीत दुखत असेल, दम लागत असेल किंवा पायाला जखम असेल तर चालणे सुरू करण्याआधी तपासून घ्या. आणि बांधावरून अनवाणी फिरू नका.

तेव्हा आज संध्याकाळी दोन गोष्टी करा. घरातील प्रत्येकाच्या पोटाला टेप लावून आकडा वहीत लिहा, आणि जेवणानंतर वीस मिनिटे चालून या. घंटेची तार सैल झाली असेल; मागचे दार अजून उघडे आहे.

पुढील आठवड्यात : मधुमेही आणि पायांची निगा.